साडूपेक्षा लवकर बरा

३, सोमवार
लिफ्टमध्ये छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता मेलोच असं वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात, बरा होतो. होमवर्क: रोज लिफ्टने एकेक मजला वाढवायचा, भीतीला दहापैकी मार्क देऊन तक्त्यात लिहायचे. एक तारखेला ऑफिस नवव्या मजल्यावर जातंय. तोवर मी ठणठणीत! आणि साडूच्या आधी. (बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यालाही हेच झालंय. आजारातसुद्धा माझी कॉपी.)

६, गुरुवार
लिफ्टपर्यंत गेलो. फरशी पुसत होते. ओल्या फरशीवर होमवर्क धोक्याचं. उद्यापासून डबल.

१०, सोमवार
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणाला लवकर गुण येतो, कुणाला उशिरा. आजार किती जुना, सराव किती, टाळाटाळ किती, यावर असतं. साडूचा आजार दोन महिन्यांचा, माझा चार वर्षांचा. म्हणजे मी सीनियर. तरी त्याची भीती आठवरून पाचवर! मेव्हणीने फोन करून बायकोला सांगितलं. बायकोने मला, दोनदा.
मी जळत नाही. ॲसिडिटी आहे.

१५, शनिवार
साडूने कॉफी सोडली म्हणे, धडधड वाढते म्हणून. मोठा आला शहाणा. मी साखर सोडली. (संध्याकाळपर्यंत.)

१७, सोमवार
क्लिनिकच्या बाकावर बसून आठवड्याचा तक्ता भरला. तीन वेगवेगळ्या पेनांनी. साडूचे मार्क तीन, म्हणून माझे दोन.

२४, सोमवार
माझे शून्य! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या लवकर गुण आलेला पेशंट पाहिला नाही, आता यायची गरज नाही. साडूला मात्र आणखी महिनाभर बोलावलंय. जुना पेशंट मी आणि अपॉइंटमेंट त्याला?

१, मंगळवार
बायकोने साडूला परस्पर सांगितलं, आमचे हे बरे झालेत, यांच्या ऑफिसच्या लिफ्टने यांच्याबरोबर नवव्यापर्यंत जा, तुमचा सराव होईल, धीरही येईल. आला की तो, अगदी वेळेवर.
दुसऱ्या मजल्यावरच मी खाली बसलो. मेलोच म्हणालो. तोही शेजारी बसला. माझा हात धरून नवव्यापर्यंत एकेक मजला मोजत राहिला. त्याचाही हात गार होता.
रात्री मेव्हणीचा फोन. घरी जाऊन त्याने सांगितलं म्हणे, दादा होते म्हणून मी वर पोचलो. मी खाली बसल्याबद्दल अवाक्षर नाही. चांगुलपणातही पुढेच! संताप येतो अशा माणसाचा.
उद्या पावणेनऊला येतो म्हणालाय. मी साडेआठपासून खाली उभा राहणार आहे.