कोरोला मागे जोडताना

२२ सप्टेंबर २००२

आज गाडी सुटली!

अबुधाबीबाहेर, मुसफ्फाच्या गॅरेजचं मोकळं पटांगण. पुढे मोटारहोम, मागे लोखंडी बाराने जोडलेली आमची कोरोला. माणूस चालेल एवढ्या वेगाने निघाले. दहा पावलं गेले असेन. मागे धाडकन आवाज. उतरून पाहिलं — बार मोटारहोमच्या मागच्या लोखंडी गोळ्यावरून निसटून जमिनीवर, आणि कोरोला दोन साखळ्यांनी धरून ठेवलेली.

इद्रीस तिथला फोरमन, पेशावरचा. ओरडला नाही. "टक आवाज़ सुना था, मैडम?" नव्हता ऐकला. बार गोळ्यावर नीट बसला की कडी टक्‌ करते. मला तो बसलेला दिसला, म्हणून बसला असं धरलं. "चेन नहीं होती तो?" उत्तरासाठी थांबला नाही. "फिर से. एक से."

अकरा वेळा केलं. तळहात काळे, कमीज गेली. गेली तर गेली.

२३ सप्टेंबर

सुरेशने एवढंच विचारलं — "झाली हौस?"

हौस नाही. चार नोव्हेंबरला व्हिसा संपतो. सुरेश तेल कंपनीतून रिटायर झाला, मी शाळेतून. चार तारखेच्याच रात्रीच्या विमानाची तिकिटं आहेत, पुण्याला कायमचं जायचं आहे. तेवीस वर्षं अबुधाबीत राहिले आणि पाहिलं काय? घर, शाळा, को-ऑपचं दुकान, वर्षातून दोनदा दुबई. पूर्वेकडचे डोंगर विमानातून दिसले तेवढे. तेही खिडकीची सीट मिळाली तर. जाण्याआधी ते जवळून बघायचेत.

म्हणून स्टाफरूममधली इंग्लिशची बाई मायदेशी परत निघाली तेव्हा तिची जुनी मोटारहोम मी घेतली. माझ्या ग्रॅच्युइटीतून. सुरेशला सांगितलं ते घेतल्यावर. विचारलं असतं तर "बघू" म्हणाला असता. त्याचं "बघू" मी सव्वीस वर्षं बघते आहे.

कोरोला कशाला, असं सगळे विचारतात. मोटारहोम एकदा समुद्रावर लावली की तिथेच राहणार. भाजी, औषध, वाडीतला, म्हणजे इथल्या कोरड्या नदीपात्रातला, अरुंद रस्ता — यासाठी लहान गाडी लागते. सुरेशला मागच्या वर्षी छातीत दुखलं होतं. दवाखान्यात काय हे घर चालवत न्यायचं?

२७ सप्टेंबर

टोरांटोहून ईशानीचा फोन. "आई, धिस इज नॉट अ प्लॅन. धिस इज अ मिडलाइफ क्रायसिस." मी मराठीत बोलत राहिले, ती इंग्लिशमध्ये. मग, "बाबांना दे." बाबा फोनवर हसत होते. मुलगी आणि बाप मिळून माझ्यावर हसतात तेव्हा मी स्वयंपाकघरात जायची. आज गेले नाही. समोरच्या खुर्चीत बसून ऐकलं.

१ ऑक्टोबर

अठ्ठावीस वेळा जोडली. चूक नाही.

२ ऑक्टोबर

इद्रीसचे नऊ मुद्दे मुलांना पाठ करायला लावावेत तसे पाठ केले. टक्‌ ऐकायचं. बार गोळ्यावर बसल्यावर वर उचलून बघायचा, निघता कामा नये. कोरोलाकडच्या दोन्ही पिना आरपार, प्रत्येक पिनेला क्लिप. साखळ्या खालून एकमेकींवरून. दिव्यांची वायर — ब्रेक, डावा, उजवा. गिअर न्यूट्रल. हँडब्रेक सोडलेला. किल्ली पहिल्या खाचेत, म्हणजे स्टिअरिंग मोकळं राहतं. शेवटी टायर. निघाल्यावर पाच मिनिटांनी थांबून हेच सगळं पुन्हा.

क्लिप म्हणजे केसांच्या पिनेएवढी वस्तू. ती नसली तर हादऱ्यांनी पिन वर सरकत जाते, बाराचा एक हात सुटतो, मागची गाडी रस्त्यात आडवी होते.

आणि एक नियम. "जो जोड़ेगा, वही देखेगा. बीच में दूसरे का हाथ लगा तो खलास — फिर एक से."

सुरेशला सांगितलं. तो म्हणाला, "मला शिकवतेस? तीस वर्षं परमिटवर सह्या केल्यात. माझ्या सहीशिवाय प्लँटमध्ये एक व्हॉल्व्ह फिरत नव्हता." खरंच आहे. मग म्हटलं, ये की गॅरेजला. "उन्हात?"

६ ऑक्टोबर

आज फजिती. आणि मजा!

सुरेश आला होता, शेजारच्या सीटवर पेपर घेऊन. मुसफ्फाच्या एका गल्लीत वळले तर समोर विटांचा ट्रक बंद पडलेला. मागे गाडी जोडलेली असताना मोटारहोम मागे घेता येत नाही. घेतली की बार वाकतो. पुढे ट्रक, पाठीमागे सहा हॉर्न.

सुरेश — "सांगत होतो."

उतरले. एक टॅक्सीवाला बाह्या सरसावत आला, "हटो बहनजी, मैं करता हूँ." म्हटलं, हाथ मत लगाना! शाळेतला आवाज निघाला. जागच्या जागी थांबला बिचारा. बार सोडवला, मागच्या गाड्या हटवायला लावल्या, कोरोला मागे नेली, मोटारहोम मागे घेतली, मोकळ्या जागेत पुन्हा जोडली. एक ते नऊ. सोडवायला चार मिनिटं, जोडायला अकरा. टॅक्सीवाला शेवटपर्यंत बघत उभा. "मेरी मैडम को भी सिखा दो," म्हणाला. "वो भी ऐसे ही डाँटती है."

सुरेश सबंध वेळ गाडीतच. पेपर उघडा होता. पान उलटलं नाही.

१० ऑक्टोबर

मंडळाच्या शुभ्रावहिनी आल्या. "या वयात कशाला गं? भाऊजींचं मन नाही असं दिसतंय." म्हटलं, त्यांना विचारा. विचारलं. सुरेश म्हणाला, "मी काय, तिच्या मागे." वहिनी हसल्या. मीही. चहा झाल्यावर कप विसळताना ते हसू राहिलं नाही.

मन नसेल तर म्हणावं तसं. एक शब्द. नाही म्हणत.

१४ ऑक्टोबर, खंडेनवमी

संध्याकाळी बिल्डिंगमागच्या जागेत गाडी जोडून ठेवली. नऊच्या नऊ. उद्या दसरा. पहाटे निघायचं, दुपारी पूर्वेच्या समुद्रावर, खोरफक्कानला.

वर आले तर हॉलमध्ये पांढरं कापड अंथरलेलं. नटबोल्टचे पाने, हातोडी, स्क्रूड्रायव्हर, सुरेशची साइटवरची जुनी टेप. हळदकुंकू, झेंडू. उदबत्ती लावलेली. "हत्यारांची पूजा," तो म्हणाला. "प्रवासाला निघायचंय ना." खाली जाऊन गाडीलाही फुलं वाहून आला.

मला भरून आलं. इतके दिवस उगाच धुसफुसले त्याच्यावर.

१५ ऑक्टोबर, दसरा. खोरफक्कान

पोचलो. आता सकाळचं लिहिते.

साडेपाचला खाली उतरले. कोरोलाच्या बॉनेटवर झेंडू, बारावर झेंडू. म्हणजे दुसऱ्याचा हात लागला होता. एकपासून सुरुवात केली. सुरेश पायरीवर उभा. "फुलंच वाहिली, विभा. मी परका का?" म्हटलं, नियम तो नियम. तुझ्या प्लँटमध्ये चाललं असतं?

डाव्या पिनेला क्लिप नव्हती.

काल मी स्वतः घातली होती. जमीन शोधली, चाकाखाली बघितलं, पिशवी उलटी केली. मग वर गेले. पांढऱ्या कापडावर, मोठ्या पान्याच्या खाली, कुंकू लावलेली क्लिप.

"हत्यारच ते," सुरेश म्हणाला. "पूजेतलं लगेच उचलू नये. राहू दे. परवा निघू."

मी उचलली. कुंकू पदराला पुसलं. खाली येऊन घातली, ओढून बघितली, आणि पुन्हा एकपासून. सुरेशची बॅग वरच होती. ती आणायला तो गेला आणि बराच वेळ लागला त्याला.

पाच मिनिटांनी थांबून तपासलं. वाटेत आणखी तीनदा. डोंगर तपकिरी नसतात. जांभळे असतात! तेवीस वर्षं.

१७ ऑक्टोबर

सकाळी समुद्राशी चहा पिताना सरळ आठवलं — सुरेशने जन्मात खंडेनवमी केलेली नाही. माझी आई कात्री-सुरीला कुंकू लावायची तेव्हा हा म्हणायचा, "भाबडेपणा." कापड, फुलं, उदबत्ती — ती क्लिप ठेवायला जागा हवी म्हणून.

विचारलं. त्याने नाकारलं नाही.

"तू बघणारच, हे माहीत होतं. दोन-तीनदा अडलं की सोडून देशील, असं वाटलं."

आणि नसतं बघितलं?

"बघतेसच तू."

नसतं बघितलं तर, सुरेश?

उरलेला चहा त्याने वाळूत ओतला. मग म्हणाला, "तर थांबवलं असतं." पण मी वाकून क्लिप शोधत होते तेव्हा पायरीवर उभ्या असलेल्या त्याचा चेहरा मी पाहिला आहे. तो काही बोलणार होता असा तो चेहरा नव्हता. कदाचित बोललाही असता. मला ते कधीच कळणार नाही, आणि यापुढे ते कळल्याशिवाय गाडी चालवायची, हे मला नको.

एवढंच म्हणाला असता, विभा, मला यायचं नाही — मी भांडले असते, रडले असते. पण कळलं असतं.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या परमिटवर सह्या करणारा माणूस!

१८ ऑक्टोबर

सकाळी कोरोला सोडवली. चार मिनिटं. औषधांची पिशवी पुढच्या सीटवर ठेवली, किल्ली त्याच्या हातात दिली. "एकटी?" म्हणाला. हो. तो अबुधाबीला गेला. चार तारखेच्या विमानात तो असेल. माझं मी बघते.

मी उत्तरेला, दिब्ब्याला निघाले आहे. मागे काही जोडलेलं नाही. आता मोटारहोम मागेही घेता येते.

घेतली नाही.