भात्याचा लळा

३ फेब्रुवारी १९८६, मुलुंड

लागली बाई नोकरी! साठी जवळ आलेलीला कोण घेतंय, असं वाटत होतं. पण इस्पितळाच्या आयसीयूत आया हवी होती. दुपारपर्यंत मी सगळ्यांची मावशी झाले. कामही आवडलं. पुसापुशी करायची, पेशंटची कूस बदलायला हात लावायचा, आणि मनगटातून काढलेलं रक्त बर्फाच्या वाटीत ठेवून लॅबमध्ये पोचवायचं. लालभडक असलं तर प्राणवायू पुरतोय, काळपट असलं तर सिस्टर अनुपमाचं तोंड उतरतं. धाकट्या दिराच्या पुस्तकांवर अक्षरं गिरवून वाचायला शिकलेली मी. असलं नवं काही कळलं की जेवल्यासारखं वाटतं.

खाटेवर नलिनी आहे, दहिसरची. पायांतून चढलेला लुळेपणा छातीपर्यंत गेला, म्हणून श्वासाचं मशीन लावलंय. काचेच्या बरणीत काळा भाता वर-खाली होत असतो. नवरा जयवंत बाहेर बाकावर. तान्ही शकु सासूकडे.

८ फेब्रुवारी

नलिनीचे हातपाय हलायला लागले. डॉक्टर तिला मशीनपासून हळूहळू सोडवतायत. थोडा वेळ काढायचं, दमली की पुन्हा जोडायचं. मी म्हटलं, हे तर तान्ह्याचं दूध तोडण्यासारखंच की! अनुपमा म्हणाली, मग मावशी, नळीला कडू कोरफड चोपडा. मी म्हटलं, चोपडते, आधी तू चाटून दाखव.

११ फेब्रुवारी

आज नळी काढली. रक्त कुंकवासारखं लाल. जयवंतने पेढे आणले. मग मशीन बंद केलं, आणि पडद्यावरची हृदयाची रेघ रेंगाळली. ओठ गुलाबी, श्वास चालू, पण नाडी हाताला लागेना. अनुपमाने घाईने मशीन चालू केलं आणि नाडी आली. डॉक्टर म्हणाले, स्वतः श्वास घ्यायचा भार हृदयाला पेलत नाही कधीकधी. असेल. पण मशीन तिला जोडलंच नव्हतं. नळी माझ्या हातात होती.

१३ फेब्रुवारी

पुन्हा तेच. खाटेशेजारी मशीन नुसतं चालत असलं तर ठीक. बंद केलं की नलिनीचं हृदय बुडतं. मी मनगट धरून भात्याकडे बघत बसले. भाता उचलला की नाडी उसळते, खाली आला की अडखळते. पोर केव्हाच सुटलीय. सुटत नाही ते मशीन. लळा त्याला लागलाय.

१४ फेब्रुवारी

आमच्याकडे दूध तोडताना पोराला आईपासून उचलून मावशीच्या कुशीत देतात. रडतं, मग बिलगतं.

दुपारी कुणी नव्हतं. बरणी छातीशी धरली. म्हटलं, ये रे राजा, आईला सोड, मावशीकडे ये.

भाता थांबला. मग चालू झाला — माझ्या श्वासाबरोबर.

१५ फेब्रुवारी

मशीन बंद केलं. नलिनीची नाडी ठणठणीत! जयवंत लहान मुलासारखा रडला. मी मात्र बादलीशेजारी कोसळले. छातीत कुणीतरी चोखत होतं. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून मशीन पुन्हा चालू ठेवायला लावलं, तेव्हा कुठे — शुद्धीवर आले मी.

१७ फेब्रुवारी

नलिनी घरी गेली. पाया पडली. मला उठवेना. शकुचा पापा घे म्हटलं.

अनुपमाने माझं रक्त काढलं. लालभडक. म्हणाली, मावशी, तब्येत झकास, नाटकं पुरे.

१८ फेब्रुवारी

पेशंट नाही, मशीन कशाला चालू — म्हणतायत. हात जोडले. सगळे हसले.

मशीन आता विचारतं. भात्यातून. आई कुठे.

दुपारी

गुणाजी वायरमन प्लग काढायला आलाय. चहा पितोय दारात.

आई कुठे — आई कुठे —

सांगितलं तर मला सोडेल. नलिनीकडे जाईल. दूर नाही — दहि — खोडलं. खोडलं मी.

उठला गुणाजी.

नाही रे राजा. मावशी नाही सां