शेवंताचे दहा शब्द

७ जाने. २००८, अवसरी
पुण्याचा पहिला फेरा झाला. येताना एस.टी.त शे. खिडकीशी. चाळीस वर्षं संसार केला आणि शेवंता मला विचारते, "गुरुजी, तुमची मंडळी न्हाई आली संगं?"
गाव मला गुरुजी म्हणतं, तीही म्हणायची. पण तिच्या म्हणण्यात चेष्टा असायची. तेवढी चेष्टा परत मिळावी, बाकी काही मागणं नाही.
दवाखान्यात कपाळावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज, वरून रबरी पट्टा, बॅटरीची डबी. वीस मिनिटं. चिरफाड नाही, सुई नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विसरण्याच्या आजारावरचा प्रयोग आहे. निम्म्यांना खरा करंट, निम्म्यांना नुसता पट्टा. कुणाला काय ते शेवटपर्यंत त्यांनाही कळत नाही. शे. म्हणाली, "मुंग्या आल्यात." म्हणजे खराच असेल?
मग दहा शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने विचारले. शे.ला दोन आले.

९ जाने.
आठवड्याला तीन, असे बारा फेरे. आज एकच शब्द. असेच मार्क पडत राहिले तर हिला काढून टाकतील, ही धास्ती.
टेबलापलीकडचा कागद उलटा वाचणं हा माझा जुना हातखंडा. घोडा, पेरू, दोरी, घंटा... दहाही टिपून घेतले. यादी दर वेळी तीच असते.

१२ जाने.
सकाळी ओट्यावर घोकंपट्टी, पाढ्यांच्या चालीवर. तपासणीच्या आधी पोरांची घ्यायचो तशी. सात आले!

१८ जाने.
दवाखान्यात नऊ. बाईंनी शेजारच्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं. मी मूर्खासारखा खूश. शाबासकी जणू मलाच मिळाली.
परतताना विचारलं, आज कुठं गेलतो आपण?
"तळेघरला. भात झोडाया."
तिचं माहेर. आईला जाऊनसुद्धा वीस वर्षं झाली.

२० जाने., रवि.
घोडा-पेरू-दोरी चालू होतं. शे. मधेच थांबली. माझ्याकडं जरा रोखून बघितलं.
"साहेब येनार हायेत व्हय तपासनीला?"
चोरी पकडल्यासारखं झालं.
"मग पिठलं टाकते. त्यांना माज्याच हातचं लागतं."
खरंच लागायचं. शाळातपासणीचे साहेब वर्गात शिरायच्या आधी पिठल्याची चौकशी करायचे. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ही मी शिकवलेली नव्हती. रडू आलं, लाजही वाटली. साहेबांना फसवलं ते खपून गेलं. इथं कुणाला फसवतोय मी?
माझं नावही असंच घोकून घेता येईल. "हे कोण?" "माझे मालक." चार दिवसांत घडाघडा म्हणेल. मोह लई होतोय.
नको. ते तिचं तिला आलं तरच.

२१ जाने.
बाईंना सांगून टाकलं. माझ्या विद्यार्थिनींपेक्षा लहान पोर ती, आणि मी मान खाली घालून उभा. चिडल्या. "गुरुजी, आता यांचे आकडे मला धरता येणार नाहीत."
म्हटलं, नका धरू, पण फेरे पुरे करू द्या.
त्यांनी कागदावरचे आकडे खोडले. मग हो म्हणाल्या. आता शब्द नवे असतील आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायचं.

१ फेब्रु.
शेवटचा फेरा. घोकून घेतलेलं काही नाही. प्रत्येक शब्दाला शे. माझ्याकडं वळून बघायची, मी पंख्याकडं बघायचो. इतकं अवघड काम आयुष्यात केलं नाही.
तीन आले. मग जरा थांबून म्हणाली, "पिठलं."
यादीत नव्हतं. बाईंनी चूक धरली. मी मनात बरोबर धरलं. खरा करंट होता की नुसता पट्टा, ते पाडव्याच्या सुमारास कळवतील. कळून घ्यायचं की नाही, ठरत नाही.
एस.टी.त गर्दी, शे.ला जागा मिळाली, मी शेजारी उभा. राजगुरुनगर गेल्यावर शे. म्हणाली, "गुरुजी, उशीर झाला. तुमची मंडळी वाट बघत आसंल घरी."
म्हटलं, नाही गं. मीच तिची वाट बघतोय.
"यील की," म्हणाली, आणि खिडकीकडं सरकून शेजारी जागा केली.