तिफण जहाजाचं कुंपण

जठारपेठ, अकोला
१२ जून २०२५

ति. भगवंतमामांना पौर्णिमाचा सा. न. वि. वि.

तुमच्या कानांनी फोनशी कट्टी केली हे एका अर्थी बरंच झालं. नाहीतर मी पत्र लिहायला बसले असते का? सोबत एक गुंडाळी आहे. ती जपून उघडा आणि हसू नका.

मामा, मी कादंबरी लिहिते आहे. आजपासून नऊशे वर्षांनंतरची. एक जहाज पृथ्वी सोडून दुसऱ्या ताऱ्याकडे निघालंय. प्रवास साडेतीनशे वर्षांचा, म्हणजे जहाजावरच जन्मायचं आणि जहाजावरच मरायचं, असं दहा-बारा पिढ्या. तीन लांब नळकांडी, आणि वर एक वाडगं, त्यातून इंधन तिन्हींत सारखं पडतं. आकार बघितल्याबरोबर ओळखाल, आपली पेरणीची तिफण. म्हणून नावही 'तिफण'च ठेवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर उपकरणं मांडते, पण आयुष्यात एक नट आवळलेला नाही. तुम्ही एकतीस वर्षं अमरावतीच्या कारखान्यात लोखंड कापायच्या लेथवर उभे होतात. तेव्हा चुका काढा, भाची म्हणून सोडू नका.

पुण्याच्या एका प्रकाशकांना पहिली दहा प्रकरणं आवडली आहेत. ऑगस्टअखेर सगळं हाती दिलं तर दिवाळीला पुस्तक येईल. माझं पहिलं पुस्तक, मामा! मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही.

गुंडाळी आमच्या गल्लीतल्या मोटार रिवायंडिंगवाल्या गोपालभाऊंनी बांधून दिली. तुमच्या वलगावच्या खुशालरावांचा मुलगा. हा माणूस कशालाही दोन गाठी मारतो आणि वर ओढून बघतो. सगळी गल्ली त्यांना चिडवते. कात्री जवळ ठेवा.

मामींना नमस्कार. माया आहे तशीच ठेवा, चित्र आवडो न आवडो.

तुमची
पौर्णिमा

वलगाव
१९ जून २०२५

चि. पौर्णिमास अनेक आशीर्वाद. तुह्या मामीचेही आशीर्वाद, अन् लोणच्याची बरणी परत पाठव असा निरोप.

जहाज पाह्यलं. अरे बाप्पा! चित्र लय सुरेख काढलं तू, पण हे जहाज चंद्रापलीकडे जात नाई. मधलं एक चाक तेवढं तू फिरतं ठेवलं, माणसाले वजन यावं म्हणून. त्याच्या बेअरिंगले साडेतीनशे वर्षं ग्रीस कोण लावन? तुहा बाप? त्यापेक्षा अख्खं जहाजच फिरव ना. सगळंच फिरलं तर घासाले काही उरत नाई.

दुसरं. तीन मजली ग्रंथालय काढलं, बाग काढली, नाचाची खोली काढली, अन् पाना ठेवाले जागा नाई! वर्कशॉप कुठी आहे? पोरी, तिथं लेथ पाह्यजे, अन् ते लेथ अशी पाह्यजे का तिच्यावर दुसरी लेथ बनली पाह्यजे. अन् शिकवणारा माणूस पाह्यजे. हत्यार बोथट झालं हे पुस्तकात वाचून समजत नाई, आवाजावरून समजते. त्याच आवाजापाई माहे कान गेले, पण हत्यार कधी जळू दिलं नाई.

इकडे सोयाबीनची पेरणी उरकली. डुकरांनी औंदाही धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं, उकरून ठेवलं आहे. जाऊ दे ते.

गाठ सुटली नाई. सुरीनं कापली.

लोभाले गंज चढू देऊ नोको, एवढंच मागणं.

तुहा मामा
भगवंत

जठारपेठ, अकोला
३ जुलै २०२५

ति. मामांना सा. न. वि. वि.

बरणी दर्यापूरच्या मावशीबरोबर पाठवली, ती पोचेल तेव्हा पोचेल. तुमचं पत्र मी चारदा वाचलं. आता अख्खी तिफण गरगर फिरते. नाचाची खोली गेली, तिथे वर्कशॉप आलं. लेथवर लेथ बनवणारी एक म्हातारीही आली. तिला ऐकू येत नाही आणि ती सगळ्यांना टाकून बोलते. ओळखा कोण.

पण एक घोळ झालाय. संपादकांचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं, जहाज झकास आहे पण कोणी लढतच नाही. शत्रू हवा, शस्त्रं हवीत, वाचकाला घाम फुटेल असं एक प्रकरण हवं. नाहीतर दिवाळीचं काही खरं नाही, असं त्यांनी गोड शब्दांत लिहिलंय. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग मुकाट्याने एक प्रकाशाची तोफ काढली. ती बघा आणि सांगा.

मामा, ही संधी गेली तर पुन्हा कोण विचारणार मला? रागवा हवं तर, पण मदत करा.

मायेत कसर नको.

पौर्णिमा

वलगाव
१० जुलै २०२५

चि. पौर्णिमास आशीर्वाद.

आधी जेवत जा, मग लढ.

आकाशात तुह्या जहाजाचा धुरा कोणी कोरला का वं, तर तोफ पाह्यजे? बरं, पाह्यजे तर पाह्यजे. पण ही तोफ चालत नाई. लेथवर लोखंड कापताना उष्णता निस्त्या कामात जात नाई, हत्यारातही शिरते. तुही तोफ शत्रूले भाजाच्या आधी आपल्याच माणसाईले भाजन.

त्यापेक्षा गोफण घे. ज्वारीत पाखरं हाकलाले आमी मचाणावरून फिरवत होतो ते. जहाज तर फिरूनच राह्यलं. कडेले गोटा ठेवला अन् सोडून देला का सुटला बाणासारखा. ना बारूद, ना उष्णता. अन् गोफणीचं एक बरं असते. सोडणाऱ्याले आधी डोळ्यानं पाहा लागते का समोर पाखरू आहे का कोणाचं लेकरू.

मामी म्हणते, मामा-भाची दोघंही येडे झाले.

आठवण ठेव, पत्र पाठवत जा, यातच सगळं आलं.

भगवंत

जठारपेठ, अकोला
२४ जुलै २०२५

ति. मामांना सा. न. वि. वि.

गोफण घेतली! पण संपादकांना ती जुनाट वाटणार, मी ओळखून आहे. म्हणून त्याच्या पुढचं काढलंय, आणि मामा, हे मला एकटीला सुचलं. आज मी हवेत आहे.

तिफणच्या चारही बाजूंनी विजेचं कुंपण. डोळ्यांना दिसत नाही. हजार कोसांच्या आत जे येईल ते जळून खाक. पहारेकरी नको, तोफची नको, सगळं आपोआप. कुंपण चालू करायचं आणि जहाजावरच्या माणसांनी खुशाल झोपायचं. कोणाच्या हाताला पापही लागत नाही, कारण मारणारा कोणी नसतोच.

फक्त एक कळत नाही. याचं बटण कुठे ठेवू? आणि ते बंद करायचं काम कोणाकडे द्यावं? तुमच्याशिवाय हे कोण सांगणार!

उत्तर लवकर द्या, जीव टांगणीला लागलाय. माया पातळ होऊ देऊ नका.

पौर्णिमा

जठारपेठ, अकोला
८ ऑगस्ट २०२५

ति. मामांना सा. न. वि. वि.

पंधरा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, तब्येत ठीक आहे, पण कुंपणाचं चित्र तुम्ही गादीखाली घालून ठेवलंय आणि धड बोलत नाही. मी काही चुकीचं लिहिलं का? चित्र इतकं वाईट असेल तर शिव्या द्या. शिव्या चालतील, हे गप्प राहणं चालत नाही.

तुमच्या दोन ओळींची वाट पाहणारी
पौर्णिमा

वलगाव
१४ ऑगस्ट २०२५

चि. पौर्णिमास आशीर्वाद.

तुहं काही चुकलं नाई. हे पत्र मी तीनदा फाडलं. मामीलेही मी हे कालच सांगतलं.

दोन हजार एकच्या पावसाळ्यात डुकरांनी अर्धं सोयाबीन लोळवलं होतं. माह्या हातात कसब होतं अन् डोक्यात राग. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून करंट घेऊन धुऱ्याच्या गवतात मी उघडा तार टाकला. संध्याकाळी चालू कराचा, पहाटे बंद. कोणाले सांगतलं नाई, कारण ते कायद्यात बसत नाई. चौथ्या दिवशी मी पहाटे उठलो, घाईघाईत साडेसहाची बस पकडून अमरावतीले ड्युटीवर गेलो, अन् बटण बंद कराचं विसरलो. आपोआपच होतं ना सगळं, तुह्या जहाजावानी.

खुशालरावचा एक बैल दावं सोडून धुऱ्यावर चराले आला. संध्याकाळी मी आलो तं गाव गोळा झालं होतं. लाईट सकाळीच गेली होती, म्हणून कोणाले झटका बसला नाई, अन् गवतातला तार कोणाले दिसला नाई. सगळे म्हणे, पान लागलं, साप होता. खुशालरावनं भर गावात गोपालच्या कानाखाली वाजवली. तुह्या ढिल्या गाठीनं माहा बैल गेला, असं म्हणाला. पोरगा वीस वर्षांचा होता, नुकताच बी.ए. झाला होता. तो एक शब्द बोलला नाई. मीही नाई बोललो. अंधार पडल्यावर तार गुंडाळून आणला.

आठ दिवसांनी गोपाल अकोल्याले गेला तो गेला. बापलेक बोलतात, पण दिवाळीले आला तरी तो गोठ्यात पाय ठेवत नाई. अन् तू लिहिलं का तो कशालेही दोन गाठी मारते. पोरी, ते वाचल्यावर माह्यानं ते गाठ सोडवल्याच गेली नाई. तुह्या गल्लीले ते हसू वाटते. ज्याचं जळते त्याले कळते, अन् इथं जाळणारा मी.

तू विचारलं बटण कोणाकडे द्यावं. मले नाई माहीत. माह्याकडे होतं तं असं झालं.

हे वाचून मामा नकोसा झाला तरी समजून घेईन मी.

भगवंत

जठारपेठ, अकोला
१८ ऑगस्ट २०२५

ति. मामांना सा. न. वि. वि.

मामा, तुम्ही मला नकोसे होणार नाही. पण खोटं कशाला लिहू, मला तुमचा राग आला आहे. बैलासाठी नाही, चूक कोणाचीही होते. चोवीस वर्षांसाठी आला. काल गोपालभाऊंच्या दुकानावरून गेले तर ते एका गिऱ्हाईकाच्या मिक्सरला दोरी बांधत होते. एक गाठ, दुसरी गाठ, मग ओढून बघणं. मला तिथे उभं राहवेना, घरी येऊन रडले.

मी त्यांना काही सांगणार नाही. ते सांगणं माझं नाही, तुमचं आहे. आणि आधी खुशालरावांना. मी तिथे असते तर हाताला धरून नेलं असतं तुम्हाला.

कुंपणाचं प्रकरण मी फाडलं. नव्यात तिफणचीच एक छोटी होडी तेरा वर्षांनी परत येते, आणि झोपलेल्या जहाजाचं कुंपण तिला जाळून टाकतं. पुढचं लिहिलेलं नाही. ते छापायचं की नाही हे तुम्ही ठरवा. दिवाळी हुकली तर हुकली.

रागातसुद्धा माया तेवढीच आहे. तुमचीही असू द्या.

पौर्णिमा

वलगाव
२४ ऑगस्ट २०२५

चि. पौर्णिमास खुशालरावचा आशीर्वाद.

तू मले ओळखत असशील. लहानपणी आमच्या आंब्याले गोटे मारत होती तू.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी बैलाईचे खांदे हळद-तूप लावून मळत होतो. तुहा मामा आला, अन् उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळा झाला. मी तुपाची वाटी फेकली. आवारातून नीघ म्हणालो. तो निघाला नाई. कानानं बहिरा, त्याले ऐकू आलं का नाई देव जाणे. मग दुसरा बैल आंग झटकाले लागला तं मीच म्हणालो, उभा काय राह्यला, धर त्याले. त्यानं धरला.

तुह्या मामाले मी माफ केलं असं कुठी लिहू नोको. त्याच्या घरचा चहा मी अजून घेतला नाई. पण त्याच्यावरचा राग बसून करता येते. मले जे बसू देत नाई ते दुसरं आहे. जनावर सुटतेच. दावं किती बी बांधा, ते कधी ना कधी सुटते. सुटलं म्हणून मरत नाई. एवढी गोष्ट मले तवा समजाले पाह्यजे होती. मी बाप होतो त्याचा.

सोबत गोपालसाठी बंद पाकीट आहे. फोनवर हे माह्यानं होत नाई, दोनदा लावला अन् पाऊसपाण्याचं बोलून ठेवून देला. तू नेऊन दे. मी बोलावलं म्हणू नोको, त्याले वाटलं तं येईन.

तुह्या पुस्तकात जे होडी जळते म्हणे, तिले नाव दे. आमच्या बैलाचं नाव लखन्या होतं.

आमच्यावरही जीव असू दे.

खुशालराव

जठारपेठ, अकोला
३१ ऑगस्ट २०२५

ति. मामांना सा. न. वि. वि.

पाकीट दिलं. गोपालभाऊंनी ते उभ्यानेच वाचलं, मग दुकानातला पंखा बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला म्हणाले, बसा. मी बसले. बराच वेळ ते तांब्याच्या तारेचं एक रीळ हातात फिरवत राहिले. मग डोळे पुसून त्यांनी मला तुमच्याबद्दल एकच विचारलं, भगवंतकाका अजून शेतात जातात का. मी हो म्हणाले. त्याहून जास्त मी त्यांच्या वतीने काही लिहीत नाही.

नंतर त्यांनी कुंपणाचं चित्र मागितलं. ते तुमच्या गादीखाली, म्हणून मी माझ्याकडचं कच्चं चित्र दिलं. ते आता शेतकऱ्यांना डुकरांसाठी बॅटरीवरची झटका मशीन देतात, ज्याने जनावर दचकतं पण मरत नाही. त्यांनी माझीच पेन्सिल घेऊन माझ्या जहाजात तीन सुधारणा केल्या. आधी घंटा, मग झटका, आणि जाळणारं काहीच नको. बटण आपोआपचं नको, त्यावर माणसाचा हात हवा. आणि पहारा बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला मोठ्याने सांगायचं, कुंपण चालू आहे की बंद. मामा, मी तुम्हाला विचारलं होतं ना, बटण कोणाकडे द्यावं? हे त्यांचं उत्तर.

लखन्या होडी जळते ते प्रकरण आणि त्यानंतरचं हे नवं कुंपण, दोन्ही आज पुण्याला गेलं. संपादक विचारतील, लढाई कुठे आहे. विचारोत. मला काळजी वाटते, नाही असं नाही, पण झोप लागते आहे.

गोपालभाऊ आज सकाळच्या बसने वलगावला निघाले. जाताना म्हणाले, पोळा होऊन गेला, तरी गोठ्यात एक चक्कर मारून येतो. सोबतची सुधारलेल्या चित्राची गुंडाळी काल त्यांनीच बांधली. नेहमीप्रमाणे एक गाठ मारली, दुसरीसाठी दोरी उचलली, थांबले आणि उरलेली दोरी कापून टाकली.

सुरी घेऊ नका मामा. हाताने सुटेल.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी
पौर्णिमा