अख्खं मिनेसोटा हातात होतं

बाबा, तुमची नात गुरं राखायला गेली आहे. हे एक वाक्य आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला चष्मा काढून पुसायला वेळ मिळेल. कुणी पाठवलेली नाही. स्वतः अर्ज करून, फोनवर मुलाखत देऊन गेली आहे; उन्हाळ्यापुरती नोकरी, मोंटानातल्या एका रँचवर. रँच म्हणजे गोठाच, फक्त त्याला भिंती नसतात आणि या टोकाकडून त्या टोकाला जायला गाडी लागते. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, तीही मोठ्या जनावरांची. कुत्र्यामांजरांची म्हणाली असती तर मी पेढे वाटले असते. इथे लोक कुत्र्यांचे दात साफ करून बंगले बांधतात. पण नाही. गाई, बैल, घोडे. ज्यांच्याकडे पाठ करून तुम्ही गाव सोडलंत, त्यांच्याकडे तोंड करून तुमची नात निघाली. आणि अर्धी अमेरिका ओलांडून तिला तिथवर सोडायला गेलं कोण, तर मी.

निघण्याआधी इथल्या, म्हणजे ॲन आर्बरमधल्या, मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, बातमी फुटली. एका काकूंनी विचारलं, "रँच म्हणजे इंटर्नशिप का गं? रेझ्युमेवर चालतं का ते?" दुसऱ्या म्हणाल्या, "शेणच काढायचं तर आमच्या साताऱ्याच्या घरी दोन म्हशी आहेत, तिकीट मी काढून देते." एक काका मात्र गहिवरले. श्रीखंडाचा चमचा हवेत धरून म्हणाले, "वा! गोसेवा! अमेरिकेत वाढलेली मुलगी गोसेवा करणार!" तुमच्या नातीने अगदी नम्रपणे सांगितलं, "काका, इट्स अ बीफ रँच." चमचा हवेतच राहिला. घरी येताना गाडीत मी हसून हसून बेजार झाले, आणि मग एकदम हसू संपलं. जिवंत असेपर्यंत गाय त्यांची माता, आणि मेली की तिला आपल्या वस्तीचा पत्ता. हे मला माहीत होतं, तुमच्या जावयाला माहीत होतं, काकांनाही आतून कुठेतरी माहीत असणार. मागच्या सीटवर बसून ज्या मुलीला हसू आवरत नव्हतं, तिलाच तेवढं माहीत नव्हतं.

म्हणजे जात माहीत आहे तिला. जयंतीला भाषण करते, कॉलेजात या विषयावर मोठा निबंध लिहिला, त्याला ए मिळाला. मोठे शब्द सगळे येतात. पण तिचा पणजोबा गावातली मेलेली ढोरं ओढत होता, सोलत होता, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. कुणी म्हणजे मी. मी तिला तेच सांगत आले जे तुम्ही माझ्या शाळेत सांगितलंत. काळे चामड्याचे बूट सक्तीचे होते, आणि तुम्ही आयुष्यभर पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत. दर रविवारी अंगणात बसून तुम्ही त्यांना ओला खडू लावायचात. पोस्टातले लोक विचारायचे, "काय साहेब, आज टेनिस का?" तुम्ही उत्तर देत नव्हतात, पत्ता न सापडलेल्या पत्रांच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला उत्तर न देण्याची सवय असते. तर तुम्ही मुख्याध्यापिकाबाईंना भेटून आलात आणि म्हणालात, मुलीला चामड्याची ॲलर्जी आहे. आपल्या आळीत तोवर ॲलर्जी हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून शेजारची मुलगी बाकावर सरकून बसायला लागली, माझी ॲलर्जी तिला लागेल म्हणून. मला फार गंमत वाटली, घरी येऊन मी ती गोष्ट नक्कल करून सांगितली. तुम्ही हसला नाहीत. जेवण अर्धवट टाकून उठलात. का, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

आणि तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत एक गाय मरून पडली आहे, नगरपालिकेची गाडी आली आहे, आणि आम्ही सगळी पोरं भोवती. दोर कमी पडतोय म्हणून कुणीतरी म्हणतं, लावा रे हात, आणि मीही हात लावते. शेपटीला असेल, किंवा पाठीला. तेवढ्यात तुमची सायकल येते. तुम्ही ओरडत नाही. मनगट धरून मला नळावर नेता आणि लाल साबणाने कोपरापर्यंत घासता, पुन्हा पुन्हा, कातडी हुळहुळेपर्यंत. "हे हात लिहायला आहेत," एवढंच म्हणता. मी विचारते, काय झालं पण? "त्या कामाची गोष्ट या घरात नको." मग स्वयंपाकघरात आई भाकरी थापता थापता, दाराकडे बघत, खालच्या आवाजात: "बापाले नको विचारू वं. तुहा आजा हाच वास घेऊन घरी येत जाये. वस्तीनं ते काम सोडलं तवा तुहा बाप लहान होता, पण वास काही गेला नाही त्याच्या नाकातून." तव्यावरची भाकरी उलटली आणि विषय संपला. माझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच. एक वास आणि एक लाल साबण.

तर मी ठरवलं होतं, बाबा, की रँचवर पोचायच्या आत तिला सांगायचं. ऐकून ती परत फिरते म्हणाली, तर गाडी वळवायची. खरं सांगायचं तर ती वळवावी हीच माझी इच्छा होती. शिकागो मागे पडेपर्यंत ट्रॅफिक होता, ट्रॅफिकमध्ये असल्या गोष्टी सांगत नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये तिच्या कानात इअरफोन होते. मिनेसोटा सपाट, रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना मका आणि मध्ये मी, तोंड उघडते आणि विचारते, "चिवडा हवाय का गं?" मोटेलच्या खोलीत तुमच्या जावयाने राइस कुकर लावला, फायर अलार्म वाजेल की काय या भीतीने आम्ही खिडकी उघडून वरणभात खाल्ला, तेव्हाही नाही. पेट्रोल भरताना तो हळूच म्हणाला, "तू सांगणार आहेस, की मी सांगू?" मी म्हटलं, माझ्या बापाची गोष्ट आहे, मी सांगेन. तो म्हणाला, "मग सांग ना यार. तीन दिवस नुसती खुर्ची टोचल्यासारखी बसली आहेस." त्याचं बरं आहे. त्याच्या वडिलांनी शहरात येऊन पहिल्या पगारात चामड्याचे बूट घेतले, आरशासारखे चमकवले आणि टाचा वाजवत ऑफिसात गेले. वास त्यांच्याही नाकात असणार. प्रत्येकाने आपापलं औषध शोधलं.

साउथ डकोटात एका गावात ती म्हणाली, बूट घ्यायचेत, रँचवाल्या बाईंनी सांगितलंय, उंच आणि चामड्याचेच हवेत, नाहीतर पाय मोडतो. दुकानाचं दार उघडलं आणि तो वास अंगावर आला. जमिनीपासून छतापर्यंत बूट, पट्टे, खोगिरं. हॅट घातलेला म्हातारा दुकानदार गुडघ्यावर बसून तुमच्या नातीच्या पायाचं माप घेत होता. मी बाहेर पार्किंगमध्ये येऊन उभी राहिले. तिथला वारा माणसाला सरळ उभं राहू देत नाही, तेवढंच निमित्त बरं. मला तुम्ही दिलेले बूट आठवत होते. इथे शिकायला निघाले तेव्हा विमानतळावर तुम्ही माझ्या हातात पिशवी दिलीत: पांढरे कॅनव्हासचे, ताजा खडू लावलेले. जानेवारीत मी ते घालून मिशिगनच्या बर्फात उतरले, आणि आमच्या विभागातल्या सगळ्यांना वाटलं, भारतातून खेळाडू आली आहे. त्यानंतर रबराचे घेतले, रेक्झिनचे घेतले, चामड्याचे कधीच नाही. नात बाहेर आली, नवे बूट घालूनच, टक टक करत. "आई, तुझी ॲलर्जी! आय फरगॉट. सॉरी. तू ओके आहेस?" हीच वेळ होती, बाबा. याहून चांगली वेळ कुणी ताटात वाढून देत नाही. मी म्हणाले, "हो गं, जरा शिंका आल्या." तुमच्या जावयाने माझ्याकडे असं पाहिलं की तुम्हीच पाहताय असं वाटलं.

मग पोचलोच. रँचवाली बाई माझ्याहून वयाने मोठी, पांढऱ्या केसांची वेणी, हात मिळवला तर माझी बोटं तिच्या तळव्यात हरवली. चांगली बाई. आम्हाला कॉफी दिली, पोरीची खोली दाखवली, आणि कुंपणाशी उभं राहून कामं सांगायला लागली: तारा ओढायच्या, पाणी बघायचं, गवत कापायच्या दिवसांत पहाटे उठायचं. आणि एखादं जनावर मेलं तर ते ट्रॅक्टरने ओढून त्या पलीकडच्या घळीत नेऊन टाकायचं, नाहीतर कोल्हे घराजवळ येतात. हे तिने पाण्याच्या टाकीबद्दल सांगावं त्याच आवाजात सांगितलं. आणि मी ओरडले. "नाही! ती नाही करणार हे!" मराठीत, बाबा. इतकी वर्षं इंग्रजीत पोट भरलं आणि नेमकं त्या क्षणी एक इंग्रजी शब्द आला नाही. बाई दचकून माझ्याकडे बघत राहिली. जावई पुढे झाला, काहीतरी सारवासारव करत तिला घोड्यांकडे घेऊन गेला. तुमच्या नातीने माझं कोपर धरलं. "आई, व्हॉट वॉज दॅट?"

तर शेवटी तिथे सांगितलं, कुंपणाच्या तारेला धरून, शेणाच्या वासात, अगदी वाईट रीतीने. आधी साबण सांगितला, मग गाय, मग कॅनव्हासचे बूट, मग पणजोबा. ॲलर्जी नाही हेही सांगितलं. ती ऐकत होती, नव्या बुटांकडे बघत. मला वाटलं आता रडेल. किंवा तिच्या पिढीचा एखादा लांबलचक शब्द काढून माझ्यावर ठेवेल. ती म्हणाली, "यू हॅड ऑल ऑफ मिनेसोटा, आई." मी म्हटलं, हो, अख्खं मिनेसोटा हातात होतं, पण आता तरी चल परत. ती म्हणाली, "नाही. मला राहायचंय." मी म्हटलं, "अगं, तुझ्या आजोबांनी मला जे शिवू दिलं नाही..." "आय नो. पण पणजोबांना तेव्हा कुणी विचारलं नव्हतं ना, करणार का म्हणून. मला विचारलंय. आणि मी हो म्हटलंय." लांब गाई चरत होत्या, काळ्या, एकेक म्हणजे केवढी. त्यांच्याकडे बघत तिने विचारलं, "आई, पणजोबांकडे तर ट्रॅक्टर नव्हता. मग कसं करायचे? दोर कुठे बांधायचे, गळ्याला?"

बाबा, असा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता. अपमान माहीत होता, तो मी हजार शब्दांत लिहू शकते, लिहिलाही आहे, त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. काम माहीत नव्हतं. माझ्या आजोबांनी ते किती वर्षं केलं असेल, त्यात काही युक्ती असेल, कुणाला काय चांगलं जमत असेल, कुणी आरोळी देत असेल की एकदम ओढा. त्यातलं काही म्हणजे काही आपल्या घराचा उंबरा ओलांडून आत आलं नाही. तुम्ही दार लावून घेतलंत, आणि बरोबर केलंत, असं मला अजूनही बहुतेक वेळा वाटतं. पण तुमची नात उत्तराची वाट बघत होती. माझ्याकडे असं ती फार दिवसांनी बघत होती, मला काही येत असल्यासारखं. मी म्हणाले, "मागच्या पायांना." तिने मान हलवली, लक्षात ठेवायची गोष्ट असल्यासारखी. मग आम्ही तिची बॅग उतरवली, तिला लसणाच्या चटणीचा डबा दिला, आणि निघालो. परतीच्या वाटेवर अख्खं मिनेसोटा मी एक शब्द बोलले नाही. तुमचा जावई म्हणाला, "चिवडा हवाय का?"

परवा तिचा फोनवर मेसेज आला. एक वासरू गेलं, रात्री आजारी होतं, सकाळी गेलं. ट्रॅक्टर दुसरीकडे होता, मग तिने आणि तिथल्या एका मुलीने मिळून ओढलं. दोर मागच्या पायांना बांधला. "पणजोबांची मेथड," असं लिहिलंय. "सोपं गेलं. मी त्या मुलीला सांगितलं, इट्स फ्रॉम माय फॅमिली. आणि आई, नंतर हात धुतले. कोपरापर्यंत."

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे टाकणार मी? टाकलंच तर पत्ता न सापडून ते तुमच्याच टेबलावर येईल, आणि तुम्ही ते नियमाप्रमाणे उघडाल, म्हणून नाहीच टाकत. पण आजपासून ती जिथे जाईल तिथे सांगणार आहे की आमच्या पणजोबांनी आम्हाला हे शिकवलं. त्या माणसाकडून आमच्यापर्यंत पोचलेली तेवढी एकच गोष्ट आहे, बाबा, आणि ती मी तिथे उभ्या उभ्या मनाने रचलेली आहे.