गळती कुणाच्या हद्दीत?

३ फेब्रुवारी, सकाळी

हिचा गुडघा कसा आहे? काल जिना चढताना कुरकुरला, आज गप्प. सासूबाईंची मान? चहा दोनदा मागून घेतला, म्हणजे उत्तम. महिनाभरासाठी आमच्याकडे आल्यात, हवा मानवलेली दिसते. लेकीचा खोकला? फोनवर आवाज मोकळा होता. माझे पोट? तक्रार नाही. मेहुण्याचे ब्लडप्रेशर? ते आटोक्यात राहो ही मनापासून इच्छा. लवकरच मी त्याची जी जिरवणार आहे, ती त्याला सोसायला हवी.

गाडी? हिच्याबद्दल सविस्तर लिहितो. पुढच्या चाकांच्या मध्ये खाली हिरवट पाणी. वाटीभर.

काल मेहुणा आईला आणि बहिणीला भेटायला आला होता. त्याची नवी कोरी गाडी माझ्या गाडीला खेटून लावली. जाताना वाकून ते पाणी पाहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "भाऊजी, हिला आता माणसांत ठेवू नका. भंगारवाल्याचा नंबर देऊ?" ही हसली. हसली याची नोंद घेतली आहे.

ह्याच गाडीतून ह्याला मुलगी दाखवायला नेले होते. वाटेत ह्याला मळमळले तेव्हा काच कोणी खाली केली? मी. चालत्या गाडीत, पलीकडे हात घालून.

मी तिथल्या तिथे सांगून टाकले. वीस तारखेला आईंना ऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी तुझ्या घरी जेवायला त्यांना ह्याच गाडीतून आणीन. वाटेत बंद पडली तर चावी तुझ्या हातावर ठेवीन, मग भंगारात घाल नाहीतर पूज. तो म्हणाला, ठरलं. सासूबाई म्हणाल्या, मला हीच बरी, त्याच्या गाडीत अत्तराच्या डबीत बसल्यासारखं होतं.

संकल्प: मेकॅनिककडे जायचे नाही. सगळे स्वतः. आणि वीस तारखेला मेहुण्याच्या फाटकातून हॉर्न वाजवत आत शिरायचे. लांब हॉर्न. शेजारपाजार गॅलरीत आला पाहिजे.

५ फेब्रुवारी

काम पद्धतशीर सुरू केले. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर माझी उभी नोकरी झाली. गळती म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. लोक यायचे, पाणी गळतंय म्हणायचे. आमचा पहिला प्रश्न: गळती कुणाच्या हद्दीत? तुमच्या की आमच्या? एकदा हद्द ठरली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटत. पाना नंतर.

तेव्हा आधी हद्द. त्या दिवशी गाडीला खेटून कोण उभे होते? मेहुणा. मागच्या महिन्यात बॉनेट उघडून "बघू तरी" कोण म्हणाले? मेहुणा. बॉनेट कोणी आपटून बंद केले? तोच. शेरा लिहिला: गळती मेहुण्याच्या हद्दीत. सही केली.

मन हलके झाले. दुपारी झोप छान लागली.

पाणी तेवढेच गळते आहे.

७ फेब्रुवारी, दुपारी

कूलंट किती उरले ते पाहण्यासाठी बाजारातून आल्या आल्या रेडिएटरचे टोपण उघडले. इंजिन तापले असताना उघडू नये असे म्हणतात. ते नवशिक्यांसाठी. कारंजे उडाले. नवा शर्ट हिरवा, डावा हात लाल. हिने नळाखाली हात धरला आणि तोंडाचा नळही सोडला. सासूबाई म्हणाल्या, जावईबापूंना लहानपणी कोणी फटाके दिले नसतील.

टोपण एवढे दाबाने बसले होते म्हणजे कोणीतरी ते मुद्दाम आवळले असणार. कोणी, हे लिहायची गरज नाही.

९ फेब्रुवारी

हाताला फडके बांधून गाडीखाली शिरलो. खाली आधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला होता. थेंब कुठे पडतो ते पाहायचे, हे माझे मीच शोधून काढलेले तंत्र. थेंब बरोबर खालच्या पाईपच्या तोंडापाशी. तिथली क्लिपही ओली. रोगी सापडला.

वरचा पाईप पाहण्यासारखा नव्हताच. तो इंजिनातून रेडिएटरच्या डोक्याशी येतो, आणि गेल्या वर्षी खडखडायचा म्हणून मी त्याला बारीक तारेने बाजूच्या पट्टीला चांगला करकचून बांधून ठेवला आहे. तेव्हापासून हूं की चूं नाही.

ही वरून बॉनेटमध्ये डोकावून म्हणाली, अहो, वरचा पाईपसुद्धा ओला दिसतोय. मी खालून सांगितले की पाणी खालून गळते आहे, आणि मी खाली आहे, तू वर आहेस. तिने आत जाऊन भावाला फोन लावलेला ऐकू आला. हसण्याचा आवाज दोन्हीकडून.

बाहेर यायला बराच वेळ लागला. पोट अडले. सासूबाईंनी पाय धरून ओढले.

११ फेब्रुवारी

स्पेअर पार्टवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, जुना पाईप आणा, त्यावरून देतो. मी म्हणालो, जुना काढला तर गाडी इथवर येईल कशी, माझ्या मनगटाएवढा जाड आणि कोपरासारखा वाकडा असा द्या. तो म्हणाला, काका, मग हात इथेच ठेवून जा, बसतोय का बघतो. गिऱ्हाइकाशी बोलायची ही पद्धत. वीस तारखेनंतर त्याच्याकडेही बघेन.

तीन आकारांचे तीन पाईप आणले. एक तरी बसेल.

१४ फेब्रुवारी

बसला. तिसरा. दोन क्लिपा, एक स्क्रू ड्रायव्हर, आणि सगळे कूलंट माझ्या बाहीतून काखेपर्यंत. पार्किंग हिरवेगार. मग नवे कूलंट भरले. सासूबाईंनी सकाळपासून पायरीवर बसून पाने आणि फडकी पुरवली. त्या म्हणाल्या, चिरंजीवांनी असं कधी बसवून घेतलं नाही हो जवळ, काही दुरुस्त करायला घेतलंच नाही त्यांनी. मला बरे वाटले. त्यांच्यासाठीसुद्धा ही गाडी चालली पाहिजे.

हिने पुन्हा वरच्या तारेचा विषय काढला. ती तार पाईपात रुतल्यासारखी वाटते म्हणे. मी म्हणालो, रुतली म्हणूनच खडखड थांबली.

१६ फेब्रुवारी, सकाळी

चाचणी. इंजिन सुरू केले, तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन इंजिन बंद केले. खाली पुठ्ठा कोरडा ठणठणीत. ही म्हणाली, गाडी तापू तरी द्यायची. मी म्हणालो, तापवायला ती दूध नाही.

मेहुण्याला पुठ्ठ्याचा फोटो पाठवला. खाली एक शब्द: कोरडा. त्याने अंगठा पाठवला. जळला असणार.

१९ फेब्रुवारी

उद्या चावी त्याच्या नाकासमोर कशी फिरवायची ते आरशासमोर पाहून घेतले. दोनदा पडली. तिसऱ्यांदा जमले. नंतर जेवणाच्या टेबलावर सहज म्हणायचे, "काय रे, तुझ्या गाडीची तब्येत कशी आहे? एखादा पाईप बघू का?" भाजी वाढून घेत म्हणायचे, वर न बघता.

थोडी दयाही आली. शेवटी हिचा धाकटा भाऊ. लहानपणी माझ्या स्कूटरवर पुढे उभा राहायचा. पण सूड म्हणजे सूड. जेवण झाल्यावर माफ करीन.

२० फेब्रुवारी, सकाळी

सासूबाई नवी साडी नेसून मागे बसल्या. ही पुढे. काचा खाली. गाडी अशी निघाली की जणू तिलाच कोणाची तरी जिरवायची आहे.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी

मोठ्या चौकाच्या अलीकडे टेम्परेचरचा काटा वर गेला. मी म्हणालो, काटा जुना आहे. सिग्नलला बॉनेटमधून वाफ निघाली. मी म्हणालो, गारठ्यामुळे. ही म्हणाली, घाम पुसा. नंतर फट्‌ असा आवाज झाला आणि समोरचे दिसेनासे झाले. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. माझा हॉर्न मी राखून ठेवला होता.

हिने भावाला फोन केला. मी नको म्हणालो होतो, हे लिहून ठेवतो.

तो आला. हसेल म्हणून मी उत्तरे तयार ठेवली होती. हसला नाही. आधी आईला पाणी दिले, मग बॉनेट उघडले, थोडा वेळ पाहिले आणि डिकीतून दोर काढला. सासूबाईंना म्हणाला, आई, माझ्या गाडीत ये. त्या म्हणाल्या, नाही, मी जावयाच्या गाडीतून येणार असं ठरलंय.

तेव्हा पुढे त्याची गाडी, मध्ये दोर, मागे आम्ही. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, मी घामाघूम. फाटक आले. संकल्प तो संकल्प. हॉर्न वाजवला. लांब. शेजारपाजार गॅलरीत आला.

सासूबाई उतरताना म्हणाल्या, जावईबापू, आज किती सावकाश आणलंत, पोटातलं पाणी हललं नाही.

चावी त्याच्या हातावर ठेवली. फिरवली नाही.

जेवणानंतर त्याने वरचा पाईप काढून ताटलीत ठेवून सगळ्यांसमोर आणला. तारेच्या वळाबरोबर आरपार चिरला होता. पाणी तिथून निघून खालच्या पाईपवरून उतरत होते, म्हणून थेंब खाली. त्याने शांतपणे विचारले, भाऊजी, ही तार कोणी बांधली? ही माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, पाईप फाटला पण तार सुटली नाही, म्हणजे बांधणी पक्की होती. सासूबाई म्हणाल्या, ते मात्र खरं.

शेरा: हद्दीबाबत फेरविचार प्रलंबित.

२३ फेब्रुवारी

बसने परतलो त्याला तीन दिवस झाले. सासूबाई तिकडेच राहिल्या. पार्किंगमध्ये हिरवा डाग आहे, त्यावर कोणीतरी सायकल लावली. गाडीबद्दल विचारायचे नाही असा संकल्प केला आहे. भंगारवाला आला असेल तर आला असेल. हिला म्हणालो, मला काही वाटत नाही. तिने न मागता चहा दिला.

२५ फेब्रुवारी, सकाळी

खालून हॉर्न. लांब. ओळखीचा. गॅलरीत गेलो. आमचीच गाडी, धुऊन पुसून, मेहुणा स्टिअरिंगवर, सासूबाई मागे, काचा खाली. त्यांनी वर पाहून हात हलवला. शेजारपाजार गॅलरीत आलेलाच होता. मेहुणा खालून म्हणाला, भाऊजी, आईला रोज संध्याकाळी हिच्यातून चक्कर लागते, माझ्या गाडीत बसायला तयारच नाही. या, मागे बसा.

माझाच सूड, माझ्याच गाडीतून, माझ्याच हॉर्नने. बसलो मागे. कुठून तरी पाणी गळतंय का म्हणून सारखा कान लावून होतो. नाही. वरचा पाईप नवा. पट्टीला काही बांधलेले नाही. किंचित खडखडतो.

दुपारी, दोघे गाडी घेऊन परत गेल्यावर, मेहुण्याला मेसेज पाठवला, तो इथे उतरवून ठेवतो:

"तुझे ब्लडप्रेशर कसे आहे? आईंची मान? गाडी सकाळी उबदार झाल्यावरच निघत जा. टोपण तापलेले असताना उघडू नकोस, अनुभवाने सांगतो. वरचा पाईप खडखडतो, तू ऐकले असशीलच. माझ्याकडे चांगली तार आहे. बांधून हवी का, ते लवकर कळव."