फितूर राणीची कबर

राणीसाहेब,

किल्ला मोजायला आलेल्या त्या सर्व्हेअरबरोबर तू मागच्या दाराने पळालीस, तेव्हा आपली पोर पाळण्यात होती. तिलाही घेऊन गेलीस. मी पडलो गाईड. रडत बसून पोट भरत नाही, म्हणून मी तुला इतिहासात घातलं.

"याच चोरदरवाजाने राणीने शत्रूला आत घेतलं," असं मी पर्यटकांना सांगतो. माझी राणी तुझ्यासारखीच डावखुरी आहे, आणि हसताना तोंडावर पदर धरते. दरवाजाबाहेरचा ढिगारा म्हणजे तिची कबर. येणाऱ्याने तिला एक दगड मारायचा, ही जुनी रीत. रीत अर्थातच मी पाडली. बायका तर दातओठ खाऊन मारतात.

आज एका शाळेची सहल आली होती. एका मुलीची हनुवटी थेट तुझी. बाईंनी तिला हाक मारली, ती मी ठेवलेल्या नावानेच. मला मात्र तिने ओळखलं नाही. ओळखणार तरी कशी?

"काका, राणीला मूल होतं का हो?" तिने विचारलं.

"होतं ना. तान्हं होतं. त्याला टाकून गेली."

तिचे डोळे भरून आले. तिने दोन दगड मागितले, मी चांगले निवडून दिले. एक तिने डाव्या हाताने असा भिरकावला की ढिगाऱ्यावर धूळ उडाली. दुसरा दप्तरात ठेवत म्हणाली, "हा आईला. तिला सगळी गोष्ट सांगणार आहे मी."

मग हे पत्र टपालात कशाला टाकू? दगड पोचेलच.

तुझा,
इतिहासकार